शेती राखली म्हणून घर महागते का? पेण-रोह्याचा पडताळा

पेणमध्ये घर शोधणारे तरुण जोडपे, त्यांना प्लॉट दाखवणारा एजंट आणि इमारत उभी करणारा बिल्डर यांची गाऱ्हाणी वेगवेगळी असतात, पण एका वाक्यावर तिघांचे एकमत होते: जमीन पुष्कळ आहे, पण एनए (बिनशेती) होत नाही, म्हणून घर महाग. रोह्यात धाटावच्या कारखान्यात नोकरीला लागलेल्या माणसालाही हेच उत्तर मिळते. भाताच्या खाचरांभोवती कायद्याने कुंपण घातले, त्यामुळे घरांना जागा उरली नाही आणि भाव चढले, असा हा युक्तिवाद. ते कुंपण काढले की घरे आवाक्यात येतील, हा त्याचा पुढचा भाग. अटल सेतू 12 जानेवारी 2024 ला सुरू झाला, नवी मुंबईचा विमानतळ 2025 मध्ये उघडला, आणि उरण-पनवेल-पेणच्या 124 गावांवर नवे नगर वसवण्याची अधिसूचना मार्च 2024 मध्येच निघाली आहे. अशा वेळी हा युक्तिवाद खरा की खोटा, यावर हजारो एकर शेतीचे भवितव्य ठरणार आहे. म्हणून तो नीट तपासला पाहिजे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. शेतजमिनीवरच्या बंधनांनी घर महागते, हे काही अंशी खरे आहे. पण पेण-रोह्यात त्याहून जास्त महागाई आली आहे ती ही बंधने आज ना उद्या सुटणार या खात्रीमुळे. घट्ट बंधन आणि सैल बंधन यांचा भावावरचा परिणाम एकसारखा नसतो, आणि आपल्याकडे बहुतेक बंधने सैल आहेत.

शिवाय ज्याला आपण सरसकट 'बंधन' म्हणतो, ती पाच-सहा निरनिराळ्या कायद्यांची मोळी आहे. जमीन कोणी विकत घ्यायची, किती लहान तुकडा पाडायचा, तिच्यावर काय बांधायचे, कुळाकडून आलेली असेल तर कोणाची परवानगी लागते, खाडीपासून किती अंतर सोडायचे, हे सगळे वेगवेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे वेगळी, आणि घराच्या भावावरचा भारही वेगळा.

सर्वांत जुने बंधन खरेदीदारावर आहे. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा 1948, कलम 63: शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता येत नाही. हा कायदा मुंबईच्या सचिवालयात कोणाच्या डोक्यातून अचानक निघालेला नाही. त्याचे मूळ याच जिल्ह्यात आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी 1933 पासून 1939 पर्यंत खोतांची जमीन कसायला नकार दिला. नारायण नागू पाटलांनी त्या संपाचे नेतृत्व केले आणि डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. 1939 चा पहिला कूळकायदा त्यानंतर आला, मग 1948 चा, आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला, ज्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या शेतीपट्ट्यात, ज्यांच्या नावावर आज सातबारा आहे, त्यांतल्या अनेकांच्या आजोबा-पणजोबांना तो या मार्गाने मिळाला. जमीन कसणाऱ्याकडून पुन्हा सावकाराकडे किंवा शहरातल्या पैसेवाल्याकडे जाऊ नये, ही कलम 63 मागची धडपड होती.

या कलमाने घर महागते का? तर्क उलट दिशेने जातो. खरेदीदारांची संख्या कमी केली की शेतजमिनीचा भाव खाली राहायला हवा. कर्नाटकाने 2020 मध्ये असेच बंधन काढून टाकले, तेव्हा तिथल्या शेतकरी संघटनांची भीती हीच होती की बंगळुरूचा पैसा आसपासच्या तालुक्यांत उतरेल आणि जमीन कसणाऱ्याच्या हाताबाहेर जाईल. कलम 63 मुळे फ्लॅटच्या पुरवठ्यावर फारसा परिणाम होत नाही, कारण विकासकाला जमीनमालकाशी करार करता येतो, आणि उद्योगासाठी जमीन घेणाऱ्याला कलम 63-1-अ ची वाट खुली आहे. ज्याच्याकडे पैसा आणि वकील दोन्ही आहेत, तो दुसऱ्या जिल्ह्यातला शेतकरी दाखला घेऊन येतो. अडतो तो पेणमध्येच जन्मलेला, पण ज्याच्या घरात कधीच जमीन नव्हती असा माणूस: मच्छीमार, गणपतीच्या कारखान्यातला कारागीर, आदिवासी वाडीवरचा मजूर. त्याला गावाबाहेर घरापुरती जागा घ्यायची तर हे कलम आडवे येते. चरीच्या संपातून आलेला कायदा भूमिहीनाच्याच वाटेत उभा राहावा, ही मला खरोखर लागणारी गोष्ट आहे.

त्याहून जास्त नुकसान करणारे बंधन तुकडेबंदीचे आहे, आणि त्याची चर्चा घरांच्या संदर्भात फार कमी होते. 1947 च्या कायद्याचा हेतू चांगला होता: वारसांत वाटून वाटून जमिनीचे इतके लहान तुकडे होऊ नयेत की नांगर फिरवता येणार नाही. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे ठरले आहे. त्याहून लहान तुकडा विकता येत नाही. आता ज्याला आपल्या कुटुंबासाठी घर बांधायचे आहे त्याला किती जागा लागते? दोन गुंठे, फार तर तीन. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. समजा, भाव गुंठ्याला चार लाख आहे. दोन गुंठ्यांचे आठ लाख तो कसेबसे उभे करील. पण कायद्याने त्याला 20 गुंठे, म्हणजे 80 लाखांची जमीन घ्यावी लागते, नाहीतर मंजूर रेखांकनातला एनए प्लॉट, ज्याच्या भावात रस्ते, गटारे, परवानग्या आणि विकासकाचा नफा सगळे मिळवलेले असते. तिसरा मार्ग स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेल्या गुंठेवारीचा. तिथे खरेदीखत होत नाही, सातबाऱ्यावर नाव लागत नाही, बँक कर्ज देत नाही. स्वस्त मिळालेली जागा आयुष्यभर कच्ची राहते.

ही कोंडी राज्यकर्त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांनी ती कशी सोडवली ते पाहण्यासारखे आहे. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 मध्ये आला, त्या वेळेपर्यंतच्या तुकड्यांसाठी. 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला संधी दिली गेली. तुकडेबंदी मोडून झालेले व्यवहार बाजारमूल्याच्या 25 टक्के भरून नियमित करण्याची तरतूद 2017 मध्ये झाली, आणि 2024 मध्ये ते 25 टक्के 5 टक्क्यांवर आणले गेले. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी नागरी क्षेत्रांत आणि गावठाणालगत 1 जानेवारी 2025 पर्यंत पडलेल्या एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांना या कायद्यातून मोकळे करण्याची घोषणा केली. ज्यांची घरे अशा तुकड्यांवर आहेत त्यांना दिलासा मिळालाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सगळ्या तारखा एका ओळीत ठेवल्या की जमीन धरून बसणाऱ्याला मिळणारा संदेश स्पष्ट होतो: थांबा, दंड भरा, आणखी थांबा, दंडही कमी होईल. ज्याला थांबणे परवडते त्याचा भाव वाढतो. ज्याला आज घर हवे आहे तो तो भाव मोजतो.

आता झोनकडे, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल याकडे. याच मुद्द्यावर जगभर सर्वाधिक अभ्यास झाला आहे. इंग्लंडमध्ये 1947 च्या नियोजन कायद्याने जमिनीच्या विकासाचा हक्कच परवानगीच्या ताब्यात गेला आणि 1955 नंतर शहरांभोवती हरित पट्टे आखले गेले. हिल्बर आणि व्हर्मुलेन या अर्थतज्ज्ञांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, नियोजनाची बंधने नसती तर 2008 मध्ये इंग्लंडमधल्या घराची सरासरी किंमत सुमारे 35 टक्के कमी असती. अमेरिकेत ग्लेझर आणि ग्योर्को यांनी 2003 मध्ये दाखवले की बहुतेक ठिकाणी घराची किंमत बांधकामखर्चाच्या जवळपास असते, पण ज्या मोजक्या शहरांत बांधायची परवानगीच दुर्मीळ आहे तिथे ती खर्चाच्या कितीतरी वर जाते. दक्षिण कोरियाने 1971 मध्ये सोलभोवती हरित पट्टा घातला. लोकसंख्या वाढत गेली आणि वस्ती पट्ट्यापलीकडे उडी मारून वसली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून सरकारला तो पट्टा थोडा थोडा उघडावा लागला.

हे पुरावे नाकारता येत नाहीत. पण या तिन्ही देशांत बंधन कडक होते, मोडणाऱ्याला शिक्षा होती, आणि मुख्य म्हणजे मागणी तिथलीच होती. पेणचे तसे नाही. इथली मागणी मोठ्या प्रमाणावर मुंबईने ढकललेली आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने मुंबई शहरात 1.33 आणि उपनगरांत 1 एवढाच चटईक्षेत्र निर्देशांक दिला. त्याआधी 1976 चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा होता, जो महाराष्ट्राने 2007 च्या अखेरीस रद्द केला. मुंबईने आपल्या हद्दीत घरे अडवली, ती माणसे ठाण्याला गेली, मग वाशी-पनवेलला, आणि आता पेणच्या स्टेशनावर उतरतात. म्हणजे पेणच्या घराच्या भावात मुंबईच्या बंधनाचा वाटा पेणच्या खाचरांवरच्या बंधनापेक्षा मोठा आहे. सोलच्या पट्ट्यापलीकडच्या गावांचे जे झाले तेच आपले होते आहे. आणि कमाल धारणा कायदा गेल्यावर मुंबईत घरे स्वस्त झाली नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचे उदाहरण मला सर्वांत उपयोगी वाटते. 1973 च्या तिथल्या कायद्याने प्रत्येक शहराला वाढीची हद्द आखून घ्यावी लागली. पोर्टलंडची हद्द 1979 मध्ये ठरली. हद्दीबाहेर शेती, तिला हात लावायचा नाही. पण त्याच कायद्याने हद्दीच्या आत पुढच्या वीस वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जागा ठेवण्याची सक्ती केली आणि दाट वस्तीला मुभा दिली. पोर्टलंडच्या भाववाढीत हद्दीचा वाटा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते तो अगदी थोडा. शेती राखणे आणि घरांना जागा देणे ही दोन कामे एकाच कायद्याने एकाच वेळी केली, म्हणून तिथे प्रश्न वादाचा राहिला. इंग्लंडसारखा तो सरळ महागाईचा झाला नाही.

आपल्याकडे यातले एकच काम होते, तेही अर्धवट. पेण तालुक्याचा काही भाग मुंबई महानगर प्रदेशात आधीपासून होता, अलीकडच्या विस्तारात उरलेला भागही आत आला. रोहा बाहेर आहे, तिथे रायगडची प्रादेशिक योजना चालते. महानगर प्रदेशाच्या 1999 मध्ये मंजूर झालेल्या योजनेत हरित क्षेत्राचे ग-1 आणि ग-2 असे दोन भाग होते. कागदावर ही शेती सुरक्षित. पण झोनबदलाचा अर्ज करता येतो, नवनगराची अधिसूचना निघाली की सगळाच नकाशा बदलतो, गावठाणालगतच्या जमिनीला वेगळी सवलत मिळते, आणि जमीन महसूल संहितेत आलेल्या कलम 42-ब, 42-क आणि 42-ड यांनी योजनेत निवासी दाखवलेल्या जमिनीसाठी बिनशेतीची वेगळी परवानगी घेण्याची गरजच काढून टाकली. ही सोपी पद्धत मला चुकीची वाटत नाही. योजनेत जागा निवासी ठरली असेल तर तहसील कार्यालयात पुन्हा खेटे कशाला? फक्त त्यामुळे एक गोष्ट उघड झाली: आता किंमत एनएच्या शिक्क्याची राहिली नाही, ती झोनच्या रंगाची झाली. आणि रंग कोण, केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून बदलतो, याला गावात कोणाकडेच उत्तर नाही.

या ठिकाणी घराच्या किमतीत जमिनीचा वाटा किती, याचा साधा हिशेब मांडतो. वरचाच भाव धरू, गुंठ्याला चार लाख. 600 चौरस फुटांच्या फ्लॅटला, रस्ते आणि मोकळी जागा धरून, पाऊण गुंठा लागला तर जमिनीचे तीन लाख. बांधकाम चौरस फुटाला दोन हजार धरले तर बारा लाख. एकूण पंधरा. उद्या सगळी बंधने उठली आणि जमिनीचा भाव निम्मा झाला, तरी फ्लॅट दीड लाखाने, म्हणजे दहा टक्क्यांनी स्वस्त होईल, तोही बिल्डरने पूर्ण फायदा पुढे दिला तर. दोन गुंठ्यांवर स्वतःचे घर बांधणाऱ्याचा हिशेब वेगळा: आठ लाख जमीन, बारा लाख बांधकाम, भाव निम्मा झाला तर चार लाख वाचतात, वीस टक्के. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण दिशा खरी आहे. जमिनीच्या बंधनांचा चटका फ्लॅट घेणाऱ्यापेक्षा गावात स्वतःचे घर बांधणाऱ्याला या हिशेबात दुप्पट बसतो. धोरणाच्या चर्चेत मात्र फ्लॅटचीच बाजू मांडली जाते, कारण फ्लॅट विकणाऱ्यांच्या संघटना आहेत. घर बांधणाऱ्याची संघटना नसते.

आता बंधने सुटणार या ज्या खात्रीबद्दल मी सुरुवातीला बोललो तिच्याकडे येतो. खारेपाटात एकरी दहा क्विंटल भात धरला, तर 2025-26 च्या हमीभावाने, क्विंटलला 2,369 रुपये, एकराचे ढोबळ उत्पन्न 23,690 रुपये. खर्च वजा जाता हातात उरते ते फारच थोडे. त्याच एकराचे चाळीस गुंठे चार लाखांनी विकले गेले तर एक कोटी साठ लाख. सहा टक्के व्याज धरले तर वर्षाला साडेनऊ लाखांहून जास्त. भाताचे पीक आणि हा भाव यांचा काहीही संबंध नाही. अर्थशास्त्रात कापोझा आणि हेल्सली यांनी 1989 मध्ये शहराकडेच्या जमिनीच्या किमतीचे घटक वेगळे काढून दाखवले: शेतीचे उत्पन्न, जागा तयार करण्याचा खर्च, अंतराचा फायदा, आणि पुढे भाव चढेल ही अपेक्षा. पेणमध्ये शेवटच्या घटकाने पहिल्याला गिळून टाकले आहे.

ही अपेक्षा कशी वाढत गेली, ते गेल्या वीस वर्षांत दिसते. 2006 मध्ये महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 45 गावांना भूसंपादनाच्या नोटिसा आल्या. पेणमधली गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली होती. एन. डी. पाटील आणि उल्का महाजन यांच्यासह अनेक कार्यकर्त्यांनी आंदोलन उभे केले, आणि 21 सप्टेंबर 2008 ला 22 गावांत सरकारनेच मतदान घेतले. शेतकऱ्यांच्या मर्जीची अशी चाचणी देशात क्वचितच झाली असेल. त्याचा निकाल अधिकृतपणे जाहीर झालाच नाही. मुदतीत निवाडे न झाल्याने संपादन बारगळले. गावे जिंकली. पण धरणाचे पाणी नवी मुंबईला जात राहिले, कालव्यांची कामे रखडली, आणि ज्या जमिनीसाठी लोक लढले तिच्यात दुसरे पीक घेण्याची सोय झाली नाही. म्हणजे शेती राखण्याचा निर्णय लोकांनी घेतला आणि ती शेती पिकवण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. अशा जमिनीचा मालक किती वर्षे एजंटला नाही म्हणेल?

त्यानंतर 2013 मध्ये नैना आले, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या आसपासच्या गावांवर सिडकोची नियोजनसत्ता. तिथे नगररचना योजनांतून मूळ जमिनीच्या 40 टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची पद्धत ठरली. बरीच वर्षे नकाशे आणि हरकतींत गेली; बांधकामाला अटी लागल्या आणि शेतीत कोणी पैसा घालेना. मग नवघर ते पेणमधले बलवली असा विरार-अलिबाग मार्गिकेचा टप्पा. मग मार्च 2024 ची कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची अधिसूचना, 323 चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हाती. प्रत्येक घोषणेनंतर जमिनीचे व्यवहार होतात, साठेखते होतात, घरे मात्र दिसायला दहा-पंधरा वर्षे लागतात. भाव घोषणेच्या दिवशी वाढतो, घर दशकानंतर येते. या मधल्या काळात ज्याला पेणमध्ये राहायचे आहे त्याने घोषणेचा भाव द्यायचा आणि भाताच्या गावातल्या सोयी घ्यायच्या.

शिवाय जी घरे बांधली जातात त्यांत राहणारे किती? 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरी भागात सुमारे 1 कोटी 11 लाख घरे रिकामी आढळली होती. अलिबागच्या वाटेवर आणि पेणच्या डोंगरउतारांवर वरकस जमिनींवर उभे राहिलेले बंगले शनिवार-रविवारी उघडतात. असे बंगले विकताना जाहिरातीत दाखवतात ती शेते दुसऱ्याची असतात, राखलेली शेते. म्हणजे हिरवाई राखल्याने शेजारच्या घराला मागणी वाढते, हा परिणामही भावात मिसळलेला आहे. तो बंधनाचा दोष मानायचा का? मी नाही मानत. पण बंगल्यांखाली गेलेल्या वरकस जमिनी गावाच्या घरांसाठी पहिल्यांदा उपलब्ध व्हायला हव्या होत्या, असे मी म्हणतो.

खारेपाटाबाबत मात्र मला कुठलीही सवलत मान्य नाही. पेणच्या पश्चिमेची शेते समुद्रसपाटीला लागून आहेत. बाहेरकाठा म्हणजे बाहेरचा बांध, आणि उघाड्या म्हणजे त्यातली पाण्याची दारे, यांच्या जोरावर खाडीचे पाणी बाहेर ठेवले जाते. पूर्वी ही जबाबदारी शिलोत्रदारांची होती, 1979 च्या कायद्यानंतर शासनाची. उधाणाला बांधाला खांड पडली आणि वेळेवर बुजवली नाही, तर खारे पाणी आत शिरते, दोन-चार वर्षांत कांदळवन उगवते, आणि 2005 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्या कांदळवनाला संरक्षण असल्याने जमीन पुन्हा शेतीखाली आणणे जवळपास अशक्य होते. इथे भराव टाकून इमारती उभ्या केल्या तर पाणी शेजारच्या गावात जाणार. घर स्वस्त करण्यासाठी ही जमीन उघडा, असे म्हणणारा माणूस त्या घराच्या किमतीत पुराचा खर्च धरत नाही.

रोह्याचे चित्र पेणहून वेगळे आहे. रोहा-अष्टमी नगरपरिषदेची लोकसंख्या 2011 मध्ये सुमारे 21 हजार होती, पेणची सुमारे 38 हजार. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कुंडलिकेत येणाऱ्या पाण्यावर कालवे निघाले, आणि जिथे ते पाणी पोहोचते तिथे उन्हाळी भातही होतो. म्हणजे इथे शेतीच्या उत्पन्नाचा पाया पेणपेक्षा भक्कम. धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे भाड्याच्या घरांना मागणी आहे, ती कामगारांची. ही खरी, राहण्यासाठीची मागणी, आणि ती पुरवायला गावातल्या जुन्या घरांवर एक मजला चढवण्याची परवानगी सहज मिळणे बहुधा दहा एनए रेखांकनांहून जास्त उपयोगी ठरेल. रोहा-मुरुड तालुक्यांतल्या 17 गावांत औषधनिर्मिती उद्यान येणार असे ठरले, गावांनी विरोध केला, आणि 2022 मध्ये केंद्राने ती उद्याने दुसऱ्या राज्यांना दिली. 28 ऑगस्ट 2024 ला दिघी औद्योगिक शहराला केंद्राची मंजुरी मिळाली. पेणचा अनुभव रोह्याच्या दारात येऊन उभा आहे.

तर घरांना जागा कुठून द्यायची? माझ्या मते गावठाणातून. रायगडातल्या बहुतेक गावठाणांच्या हद्दी फार जुन्या आहेत, कुटुंबे वाढली आणि हद्द तीच राहिली. याचे काय होते ते नवी मुंबईने दाखवले. 1970 नंतर तिथल्या 95 गावांची शेती सिडकोसाठी गेली, गावठाणे वाढवली गेली नाहीत. जानेवारी 1984 मध्ये गोळीबारात पाच जण गेले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली, पण घराची गरज त्याआधीच गावठाणाबाहेर पसरली होती. तिला 'गरजेपोटी बांधलेली घरे' असे नाव पडले, आणि ती नियमित करण्याची प्रक्रिया चाळीस वर्षांनंतरही संपलेली नाही. शेतजमिनीवरच्या बंधनाने घर महागले याचे आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण हे आहे, आणि ते बंधन शेती वाचवण्यासाठी नव्हते.

पेण-रोह्यात प्रत्येक गावठाणाची मोजणी करून पुढच्या वीस वर्षांच्या कुटुंबांना पुरेल एवढी हद्द वाढवावी. तेवढ्या पट्ट्यात तुकडेबंदी आणि कलम 63 दोन्हींतून त्या गावच्या रहिवाशाला सूट असावी, भूमिहीनाला पहिला हक्क असावा, आणि ती जागा ठरावीक वर्षे बाहेरच्याला विकता येऊ नये. त्या हद्दीबाहेरचे लाभक्षेत्र आणि खारेपाट कायमचे शेतीसाठी जाहीर करावे, झोनबदलाचा अर्जच घेऊ नये, आणि हेटवणेचे कालवे पुरे करावे. गोव्याने 2023 मध्ये भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर कायद्याने बंदी घातली. तिथेही खरी परीक्षा आहे ती झोनबदलाच्या पळवाटा बंद होतात की नाही याची. आपल्याकडे पहिले पाऊल टाकायला नवा कायदाही नको. जमीन महसूल संहितेच्या कलम 122 खाली गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना 1966 पासून आहे. 124 गावांच्या नवनगराचा आराखडा पक्का होण्याआधी त्यातल्या पेणच्या गावांची ही मोजणी झाली पाहिजे, कारण आराखडा मंजूर झाल्यावर गावठाणाला लागून जी जमीन उरेल तिचा भाव गावकऱ्याच्या हातात नसेल.